रेषेबाहेरचा आठवा गडी

गणपतीपुळ्याच्या आसपासच्या वाड्यांतून रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने रंगतात, तेव्हा सात गडी आत खेळतात आणि आठवा रेषेबाहेर! हा आठवा म्हणजे संघाचा प्रशिक्षक. निर्णय विरुद्ध गेला, की तो थेट पंचांवरच चढाई करतो.

वास्तविक चढाईवर गेलेल्याला सोबत्यांनी सूचना दिली, तर प्रतिपक्षाला गुण देण्याचा नियम कबड्डीत जुनाच आहे. पण राबवायचा कोणी? पंच अनेकदा शेजारच्याच गावचे मास्तर. उद्या बाजारात तोंड दाखवायचे असते. मग ते ऐकून न ऐकल्यासारखे करतात, आणि हळूहळू प्रेक्षकांनाही कंठ फुटतो.

बास्केटबॉलने ही भीड ठेवलेली नाही. हुज्जत घालणाऱ्या प्रशिक्षकावर 'टेक्निकल फाउल', त्याबद्दल प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो. स्वतःच्या गैरवर्तनाचे असे दोन झाले, की गृहस्थ सामन्यातून बाद. कबड्डीतही आता हिरवे, पिवळे आणि तांबडे कार्ड आले आहे. हिरवे म्हणजे नुसती ताकीद. पण पंचाचे खरे कसब, माझ्या मते, त्यातच आहे. ते लवकर दाखवावे, आणि आवाज न चढवता. उशिरा निघालेल्या तांबड्या कार्डाने प्रशिक्षक बाहेर जातो खरा, पण त्याच्यामागून त्याची सात पोरेही निघतात, आणि सामना तिथेच मोडतो.