बटाट्याला भुवया असतात!

दोस्तांनो, स्वयंपाकघरातला एक बटाटा घ्या आणि उजेडात धरून नीट निरखा. त्यावरचे खळगे म्हणजे बटाट्याचे डोळे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण प्रत्येक डोळ्याला लागून एक बारीक, कमानदार रेघ आहे, ती पाहिलीत का? अगदी भुवईसारखी! ही रेघ म्हणजे एका इवल्याशा पानाची खूण, आणि त्याच्या बगलेतली कळी म्हणजे डोळा. आता सांगा, मुळाला कधी पानं येतात का? नाही ना? म्हणजे मातीखाली वाढला तरी बटाटा हे मूळ नाही, ते आहे फुगलेलं खोड!

बगलेतल्या या कळीची करामत अवकाशातही दिसली. १९९५ साली कोलंबिया यानातून बटाट्याची पानं कळ्यांसकट वर नेली होती. तिथे त्या कळ्यांपासून चक्क छोटे छोटे बटाटे तयार झाले!

रताळं मात्र खरंखुरं मूळ. उपवासाला दोघंही चालतात, पण नात्याचे नाहीत. बटाटा वांगी, टोमॅटो, मिरचीच्या घराण्यातला, तर रताळं गणेशवेलीच्या.

हे फुगलेलं खोड वाढताना स्वतः बघायचंय? मग बटाटा लावा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, त्यामुळे त्याला रात्री गार लागतात. उकाड्यात पाला माजतो, पण बटाटे धरत नाहीत. एका गोणीला खाली भोकं पाडा आणि ती माती व शेणखताने अर्धी भरा. कोंब आलेला बटाटा चार बोटं खोल पुरा, कोंब वरच्या बाजूला ठेवा. पाणी बेताचं घाला. रोप वीतभर झालं की बुंध्याशी मातीची भर द्या.

भर कशाला? मातीतल्या खोडाला आडव्या, पांढऱ्या फांद्या फुटतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. तेच टोक उजेडात आलं, तर हिरवं होऊन त्याला पानं फुटतात! उघडा पडलेला बटाटाही हिरवा होतो. त्यात सोलानिन नावाचं विष वाढलेलं असतं, म्हणून तो खायचा नाही. बटाट्याची पानं आणि टोमॅटोसारखी दिसणारी हिरवी फळंही खायची नाहीत. पांढरी-जांभळी फुलं मात्र डोळे भरून बघा.

साधारण तीन महिन्यांनी पाला पिवळा पडून वाळला, की गोणी उपडी करा. जमलं तर दोन गोण्या लावा. एकीला भर द्या, दुसरीला देऊ नका. मग दोन्हींतले बटाटे मोजा, हिरवे किती निघाले तेही वहीत लिहा आणि वर्गात सगळ्यांना सांगा.