'मिस हॅमिल्टन' म्हणा

अमेरिकेत बँकेतील एखादा गोरा तरुण कर्मचारी वयोवृद्ध कृष्णवर्णीय बाईंना पहिल्याच भेटीत नुसत्या नावाने हाक मारतो. त्याच्या लेखी ती आपुलकी असते. तिकडे वरिष्ठांनाही पुष्कळदा नावानेच संबोधतात. बाईंचा चेहरा मात्र उतरतो. 'किती तुटक वागतात!' असे त्याला वाटते आणि 'हा मला क:पदार्थ समजतो', असे त्यांना.

या गैरसमजामागे इतिहास आहे. दक्षिणेकडील राज्यांत वंशभेदाच्या काळी गोरे लोक कृष्णवर्णीयांना 'मिस्टर' वा 'मिसेस' म्हणत नसत. प्रौढ पुरुषाला 'बॉय', वृद्धेला 'आंटी' म्हटले जाई. (आपणही इस्पितळातील आयाबाईंना सर्रास 'मावशी' म्हणतो. त्यात माया किती आणि पायरी दाखविणे किती, हे त्यांनाच ठाऊक!)

१९६३ साली अलाबामातील गॅड्सडेन येथील न्यायालयात नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांना सरकारी वकिलाने 'मेरी' असे संबोधून प्रश्न विचारला. 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर देण्यास त्यांनी नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना ५ दिवसांचा कारावास व ५० डॉलर दंड ठोठावण्यात आला. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला.

त्या काळी तरुण असलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत. बँकेतील तरुणाच्या हाकेत त्यांना तो जुना वकीलच ऐकू येतो. तरुणाच्या हे गावीही नसते. आडनावाने संबोधावे आणि बाई स्वतःहून 'मला नावाने हाक मार' म्हणेपर्यंत थांबावे, एवढे त्याला सहज जमण्यासारखे आहे.