देहत्यागाची नावे

एखाद्याने स्वतःच्या देहाचा अंत केला की लोक प्रथम त्या कृतीस नाव देतात आणि मग त्या नावाप्रमाणे तिचा न्याय करतात. दुःखाने पिचलेला मनुष्य 'जीव देतो'. ज्ञानेश्वर १२९६ साली आळंदीस 'समाधी घेतात'. जैन साधक 'संथारा घेतो'. कोणते नाव द्यावयाचे, हे बहुधा श्रद्धा ठरविते. इस्लाममध्ये खुदकुशी निषिद्धच आहे. मनुस्मृती आत्मघातक्यास जलतर्पण नाकारते. परंतु त्याच ग्रंथात वानप्रस्थास वाऱ्यापाण्यावर राहून, देह पडेपर्यंत ईशान्येकडे चालत जाण्याची मुभा आहे. ही मुभा संसाराची कर्तव्ये पार पाडलेल्यास होती, हे मात्र विसरता कामा नये.

आमच्या हैदराबादेत २०१६ च्या ऑक्टोबरात जे घडले, त्याचे स्मरण येथे होते. तेरा वर्षांची एक जैन मुलगी चातुर्मासात ६८ दिवसांचा उपवास पूर्ण करून पुढे एकदोन दिवसांतच मरण पावली. हा संथारा नव्हता. मरणाचा संकल्पही नव्हता. तिच्या अंत्ययात्रेस 'शोभायात्रा' म्हटले गेले, तिला 'बालतपस्वी' ही पदवी मिळाली. बालहक्कांसाठी झटणाऱ्यांनी तक्रार केली आणि पोलिसांनी आईवडिलांवर गुन्हा नोंदविला. तपाविषयी आम्हांस आदर आहे. तथापि, प्रौढ साधकाचा विचारपूर्वक निर्णय आणि बालिकेचा उत्साह यांस एकाच शब्दाने गौरविल्यामुळे, तिला कोणी थांबविले का नाही, हा प्रश्न विचारणेच पाखंड ठरले, असे आमचे मत आहे.

न्यायालयांनाही हा नावाचा पेच सुटलेला नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्यास आत्महत्या ठरविले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. ज्याच्या मरणास श्रद्धेने कोणतेही गौरवाचे नाव दिलेले नाही, त्याच्या वाट्यास 'आत्महत्या' हा शब्द येतो, आणि त्यात 'हत्या' आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचा सर्वसाधारण गुन्हा उरलेला नाही. लोकांच्या मनातून तो गेलेला नाही. म्हणूनच खचलेला मनुष्य मनातले बोलण्यास धजत नाही. ऐकणाऱ्याचा निवाडा आधीच तयार असतो. दुर्मरण आलेल्यासाठी नारायणबलीच्या रूपाने धर्मशास्त्राने दयेची एक वाट ठेवली होती. आज कित्येक कुटुंबे त्र्यंबकेश्वरी जाऊन तो विधी करून येतात. शेजाऱ्यांस मात्र हृदयविकाराचे कारण सांगतात.