निघण्याआधीची लिस्ट

एप्रिल संपत आलाय. लांबच्या एखाद्या शाळेत शिकवायला गेलेले तुमच्यातले काही जण आता परतीच्या तयारीत असतील. सुट्टी लागायला थोडे दिवस उरलेत आणि मोबाइलमध्ये एक लिस्ट तयार आहे, 'निघण्याआधी बघायचंच!' बरोबर ना?

माझीही होती. मागच्या वर्षी मी आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या पाणलोटातल्या एका वाडीवर तीन महिने शिकवायला होते. शेवटच्या चार दिवसांचा प्लॅन असा: शिवनेरी, जुन्नरची लेणी, नाणेघाट, भीमाशंकर. जमलंच तर नारायणगावला मासवडी. मोठ्या उत्साहात लिस्ट मुलांना वाचून दाखवली. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, यात आमचं काहीच नाय."

खरंच नव्हतं. तीन महिन्यांत मी शाळा आणि खोली सोडून फारशी कुठे गेलेच नव्हते. मग शिवनेरी आणि भीमाशंकर खोडले आणि ते दोन दिवस मुलांना दिले.

पहिल्या दिवशी ती मला हिरड्याला घेऊन गेली. उन्हाळ्यात इथली महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. वर्षातला रोख पैसा बराचसा त्यातूनच येतो. वर्गात अडखळत वाचणारा पोरगा झाडावर सरसर चढला. खाली आम्ही वेचत होतो. तेव्हा कळलं, मार्चनंतर हजेरी का घसरते. त्यावरून मी मुलांवर किती चिडले होते! हे आधी बघितलं असतं तर कदाचित वेळापत्रकच बदललं असतं.

दुसरा दिवस धरणाच्या काठावर. उन्हाळ्यात पाणी बरंच खाली जातं. एका आजीने हात करून दाखवलं, "आमचं शेत तिकडं होतं." ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगावही याच पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार चालतो तो घोडेगावातून. मी मुलांना नकाशा शिकवला होता, पण हे मला त्यांच्याकडून कळलं.

मग नाणेघाट. उन्हाचा त्रास नको असेल तर पहाटेच निघा, पाणी भरपूर घ्या. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. शेजारच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि त्यात अंकही कोरलेत. गणिताच्या तासाला इथेच यायला हवं होतं, असं वाटून गेलं.

शेवटचा दिवस लेण्यांचा. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत यवनांची, म्हणजे परदेशी मुळाच्या लोकांची, दानं नोंदलेली आहेत. इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप. बाहेरून आलेली माणसं, पण इथे काय लागतं ते ओळखून दिलं. मी काय ठेवून चालले होते? फळ्यावर 'बाय बाय' आणि ग्रुप फोटो?

त्या रात्री जागून प्रत्येक मुलाबद्दल अर्धं पान लिहिलं: काय वाचता येतं, कुठे अडतं, कशात रमतो. सकाळी वही गुरुजींच्या हातात दिली. माझ्या तीन महिन्यांतलं सगळ्यात उपयोगाचं काम बहुतेक तेच.

एक चूक मात्र केलीच. निघताना मुलं एसटीपाशी आली, तेव्हा बोलून गेले, "आवणीला नक्की येते." मग कॉलेज, असाइनमेंट, पाऊस. जुलैत गुरुजींच्या फोनवरून त्याच मुलीचा आवाज आला, "ताई, आवणी झाली आमची." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून सांगते, फिरा, भरपूर फिरा. पण लिस्ट मुलांना दाखवा आणि त्यांना खोडू द्या. आणि पाळता येईल तेवढंच बोला.

मी या शनिवारी जातेय. हिरडा सुरू झालाय.