अलिबाग

अलिबाग : महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याचे व अलिबाग तालुक्याचे मुख्य ठिकाण, तसेच आंग्रे घराण्याची जुनी राजधानी. लोकसंख्या २०,७४३ (२०११). हे अरबी समुद्राच्या काठी, मुंबई बंदराच्या दक्षिणेस वसले आहे. सडकेने पेण–वडखळमार्गे मुंबईपासून ते सु. १०० किमी. पडते, जलमार्गाने मात्र मांडवा धक्क्यावर उतरून थोड्या वेळात गाठता येते. मुंबईपासूनचे हे एकाच वेळी असलेले सान्निध्य आणि दुरावा यांतूनच शहराच्या इतिहासाला व नागरी जीवनाला आजचे रूप आले आहे.

भूवर्णन : शहराच्या पश्चिमेस समुद्र, पूर्वेस भातखाचरे व त्यांपलीकडे सागरगड आणि कनकेश्वर यांच्या डोंगररांगा आहेत. किनाऱ्यालगतच्या वालुकामय पट्ट्यास ‘अष्टागर’ म्हणतात. अष्टागरातील आठ गावांच्या याद्या सारख्या नाहीत. तथापि अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, थळ, किहीम, आवास, सासवणे या गावांचा उल्लेख त्यांत येतो. येथील वाळूखाली गोडे पाणी थोड्या खोलीवर लागत असल्याने विहिरींवर रहाट बसवून नारळी-पोफळीच्या वाड्या वाढविण्यात आल्या. खाड्यांच्या काठची जमीन मात्र खारी असून ती बांध घालून लागवडीखाली आणलेली आहे. या बांधांतील उघाड्यांवाटे ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी बाहेर जाते व भरतीचे पाणी अडते. उधाणाने बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते व ती जमीन काही वर्षे भातास निरुपयोगी होते. त्यामुळे बांधबंदिस्ती हे पूर्वापार सबंध गावाचे सामाईक काम मानले जाई. हवामान उष्ण व दमट असून वार्षिक पर्जन्य २०० सेंमी.हून अधिक आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. त्यात वाड्यांची मोठी हानी झाली. पोफळ व नारळ धरण्यास अनेक वर्षे लागत असल्याने अशी हानी एका हंगामात भरून निघत नाही.

नाव : अली नावाच्या एका धनिक मुसलमानाने येथे विहिरी खोदून बागा लावल्या, त्यावरून ‘अलीची बाग’ म्हणजे अलिबाग हे नाव पडले, असे सांगतात. बेने इस्रायल समाजात हीच आख्यायिका एली नावाच्या ज्यू बागाईतदाराविषयी प्रचलित आहे.

इतिहास : परिसरातील वस्ती शहराहून पुष्कळच जुनी आहे. आक्षी येथील शके ९३४ (इ. स. १०१२) चा शिलालेख मराठीतील सर्वांत प्राचीन शिलालेखांपैकी एक समजला जातो, तर चौल हे प्राचीन काळापासून व्यापारी बंदर होते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये अलिबागसमोरील खडकावर कुलाबा किल्ल्याचे बांधकाम सुरू केले व ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. तटातील प्रचंड चिरे चुन्याविना एकमेकांवर रचलेले असल्याने लाटांचे पाणी सांध्यांत शिरून त्यांचा मारा सौम्य होतो. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाशी झालेल्या तहान्वये कुलाबा व अन्य काही किल्ले सरखेल कान्होजी आंग्रे याजकडे आले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली, परंतु ती फसली. कान्होजी १७२९ मध्ये मरण पावला. त्याची समाधी शहरात आहे. पुढे त्याच्या मुलांत कलह माजून आंग्र्यांची सत्ता कुलाबा व विजयदुर्ग अशी विभागली गेली. कुलाब्याच्या शाखेतील पहिल्या रघूजीच्या कारकीर्दीत (१७५९–९३) राज्यास स्थैर्य लाभले. किल्ल्यातील गणेशपंचायतनाचे मंदिर त्यानेच बांधविले. १७८७ च्या आगीत किल्ल्यातील आंग्र्यांचा वाडा जळाला. दुसरा रघूजी १८३८ मध्ये वारला व त्याचा अल्पवयीन वारसही पुढच्याच वर्षी दगावला. तेव्हा दत्तकास मान्यता न देता ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये हे संस्थान खालसा केले. डलहौसी हिंदुस्थानात येण्यापूर्वी आठ वर्षे घडलेली ही घटना त्याच्या पुढील धोरणाची पूर्वसूचनाच म्हणता येईल. १८४२ मध्ये किल्ल्यातील इमारतींचे लाकूडसामान लिलावात विकण्यात आले व दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामी लावण्यात आले. राजधानीचे अवशेष अशा रीतीने नव्या शहराच्या पायात गेले.

१८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला व अलिबाग त्याचे मुख्य ठिकाण बनले. १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्यास ‘रायगड’ हे नाव देण्यात आले.

शेतकरी चळवळ : तालुक्यातील खारभूमीवर खोतांचे वर्चस्व होते. बांध राखण्याचे कष्ट कुळांचे, पिकाचा मोठा वाटा मात्र खोताचा, अशी स्थिती होती. तिच्याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये जमीन कसणेच बंद केले. रानातील लाकूडफाटा विकून व मिळेल ती मजुरी करून त्यांनी सु. सहा वर्षे हा संप चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३४ मध्ये चरी येथे येऊन संपास पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. या संघर्षाने कुळांच्या हक्कांच्या प्रश्नास सरकारदरबारी स्थान मिळाले आणि १९३९ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यास अनुकूल भूमी तयार झाली. पुढे या भागात शेतकरी कामगार पक्षाचा जो दीर्घकाळ प्रभाव राहिला, त्याचे मूळ याच संपात आहे. अलिबागहून निघणारे कृषीवल हे वृत्तपत्रही या चळवळीच्या काळातील आहे.

चुंबकीय वेधशाळा : मुंबईतील कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने १८४० नंतरच्या दशकापासून होत होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार असे ठरताच त्यांच्या प्रवाहामुळे मापने दूषित होण्याची भीती निर्माण झाली. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची निवड केली व १९०४ मध्ये येथे वेधशाळा सुरू झाली. लोखंडाचा वापर टाळून बांधलेल्या तिच्या इमारतींसाठी पोरबंदरचा वालुकाश्म वापरला आहे. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी मापने समांतर घेण्यात आली. त्यामुळे मालिकेत खंड पडला नाही आणि दीड शतकाहून अधिक काळाची जगातील एक दुर्मिळ नोंदमाला सिद्ध झाली. सध्या वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. भोवतालच्या परिसराची ‘चुंबकीय शांतता’ हेच तिचे भांडवल असल्याने शहराची वाढ हा तिच्या दृष्टीने केवळ सौंदर्याचा नव्हे, तर अस्तित्वाचा प्रश्न आहे.

नागरी जीवन : नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय व शासकीय रुग्णालय येथे असून आंग्रेकालीन हिराकोटात जिल्हा कारागृह आहे. अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. नगरपालिकेची हद्द मात्र लहान असून ती समुद्र व खाजण यांनी वेढलेली आहे. त्यामुळे नवी वस्ती चेंढरे, कुरुळ, वरसोली इ. लगतच्या ग्रामपंचायतींत पसरली आहे. शहर वस्तुतः एक असले, तरी कचरा, सांडपाणी व पाणीपुरवठा यांची व्यवस्था निरनिराळ्या संस्थांकडे विभागलेली आहे. जनगणनेतील लोकसंख्येवरून शहराच्या खऱ्या व्यापाची कल्पना येत नाही, ती यामुळेच.

कोळी, आगरी, भंडारी, माळी इ. समाजांबरोबर येथे बेने इस्रायल समाजाची जुनी वस्ती होती. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून जवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जात. बहुतेक कुटुंबे मुंबईस व पुढे इस्राएलला गेली. ‘इस्रायल आळी’ हे नाव व १८४८ मधील ‘मागेन आबोथ’ हे प्रार्थनामंदिर त्यांची आठवण देतात.

‘अलिबागहून आला आहेस काय?’ हा भोळेपणाची थट्टा करणारा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. त्याच्या वापरावर बंदी घालावी, अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली होती. न्यायालयाने ती फेटाळली.

आर्थिक स्थिती : भात, नारळ, सुपारी व मासे ही येथील पूर्वापार उत्पन्ने होत. भातानंतर खंडाळे, कार्ले, नेहुली इ. गावांत पिकणारा व वेण्या बांधून विकला जाणारा पांढरा कांदा प्रसिद्ध असून त्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना १९८०–९० च्या दशकात सुरू झाला. त्याच्यासाठी पेणहून टाकलेल्या लोहमार्गाचा उपयोग मालवाहतुकीसाठी होतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह प्रवासी आणणारी नौकासेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. त्यामुळे पर्यटन वाढले. तसेच वाड्या व भातशेती विकून त्या जागी बंगले उभारण्याचे प्रमाणही वाढले. गोड्या पाण्याचा उपसा, खारबांधांची निगा व शेतजमिनीचे हस्तांतर हे तालुक्यापुढील आजचे मुख्य प्रश्न होत.

कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी जाऊन पाहता येतो. कनकेश्वराचे देवालय, आक्षी व नागाव येथील पुळणी, चौल-रेवदंड्याचे अवशेष आणि खांदेरी-उंदेरी ही बेटे परिसरात प्रेक्षणीय आहेत. यांपैकी खांदेरीचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूप्रदेशां’मध्ये झाला. किहीम येथे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला होता.