‘सिल्व्हर’ लॅबच्या प्रेमात पडण्याआधी…

रील्स बघता बघता चंदेरी-राखाडी लॅब्राडोरचं पिल्लू दिसतं. खाली लिहिलेलं असतं, ‘रेअर कलर’. आपण लगेच विचारतो, ‘प्राइस?’ दोस्तांनो, जरा थांबा! हा रंग येतो कुठून, ते आधी बघू या.

केसात रंगाचे कण नीट पसरवण्यासाठी मेलॅनोफिलिन नावाचं प्रथिन लागतं. त्याचा जीन म्हणजे ‘एमएलपीएच’. यात बिघाड झाला की कणांच्या गुठळ्या होतात आणि रंग फिका दिसतो. काळ्याचा होतो निळसर राखाडी, चॉकलेटीचा होतो सिल्व्हर. म्हणजे हा नवा रंग नाहीच, जुनाच रंग ‘डायल्यूट’ झालाय.

पण त्यासाठी आई आणि बाबा, दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. एकच प्रत असेल तर कुत्रा दिसतो नेहमीसारखा, पण असतो ‘कॅरिअर’. असे दोन कॅरिअर एकत्र आले तर प्रत्येक पिल्लू फिक्या रंगाचं असण्याची शक्यता चारात एक. कॅरिअर नुसता बघून कळत नाही, तिथे डीएनए टेस्ट कामाला येते. गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा आणि लॅबला पाठवायचा. रिपोर्टमध्ये ‘डी’ची दोन अक्षरं येतात. दोन्ही कॅपिटल असतील तर बिघाड नाही, एक स्मॉल म्हणजे कॅरिअर, दोन्ही स्मॉल म्हणजे डायल्यूट. यातला सर्वांत कॉमन बदल ‘डी१’ 2007 मध्ये समोर आला. नंतर ‘डी२’ आणि ‘डी३’ही सापडले. त्यामुळे लॅबने नक्की काय काय तपासलंय, हे विचारायलाच हवं.

आता मुद्द्याचं. फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांना ‘कलर डायल्यूशन अलोपेशिया’ होतो. केस विरळ होतात, त्वचा कोरडी पडते, वरचेवर इन्फेक्शन होतं. निळ्या डॉबरमनमध्ये हे बरंच दिसतं. उलट वायमारानर ही जातच डायल्यूट रंगाची, तरी तिच्यात हा त्रास क्वचितच. म्हणजे टेस्ट रंग सांगते, आजार होईलच असं सांगत नाही. गोची अशी, की जन्मतः पिल्लू एकदम मस्त दिसतं. केस गळायला लागतात काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी. तोवर पैसे देऊन झालेले असतात. यावर कायमचा इलाज नाही, आयुष्यभर त्वचेची काळजी घेत राहायची.

लॅब्राडोरच्या अधिकृत ब्रीड स्टँडर्डमध्ये रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेटी. मग ‘रेअर’चे जास्तीचे पैसे कशाचे? तरी घ्यायचंच असेल तर पिल्लाच्या आईबाबांचे रिपोर्ट मागा, त्यांना आणि पिल्लाच्या मोठ्या भावंडांना प्रत्यक्ष बघा, व्हेटशी बोला. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सरळ निघून या.

फोटोला लाइक्स मिळतील दोन दिवस. पिल्लू मात्र तुमच्यासोबत दहा-बारा वर्षं राहणार आहे!