तेफ्तेरी आणि ताव्हेर्ना

अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या पायथ्याशी पर्यटकांना हाका मारून बोलावणारी उपाहारगृहे पावलोपावली आढळतात. शहराचे रोजचे जेवण मात्र पेत्रालोना, पांग्राती, किप्सेली अशा वस्त्यांतील ताव्हेर्नांत होते. ताव्हेर्ना म्हणजे आपल्याकडील जुन्या खानावळीची भूमध्यसागरी बहीणच. विणलेल्या बैठकीच्या लाकडी खुर्च्या, टेबलावर कागदाचे आच्छादन आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला लावलेले चिमटे, एवढाच काय तो थाट. गिऱ्हाइकाने थेट मुदपाकखान्यात जावे, पातेल्यांत डोकावावे आणि हवे त्याकडे बोट दाखवावे, ही येथील जुनी रीत. मध्यवर्ती मंडईजवळच्या तळघरातील ‘दिपोर्तो’ या ख्यातनाम ताव्हेर्नाला तर पाटी नाही आणि खाद्यसूचीही नाही. रस्त्यावरून आत उतरणारी दोन दारे आहेत, आणि त्याच्या नावाचा अर्थही तोच.

शाकाहारी माणसाची येथे उपासमार होईल, ही भीती अनाठायी आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे उपवास काटेकोरपणे पाळले तर वर्षातील 180 हून अधिक दिवस त्यांत जातात. मांस, अंडी, दूध वर्ज्य असलेल्या या दिवसांनी ग्रीक स्वयंपाकाला ‘लादेरा’ हा प्रकार दिला. ऑलिव्हच्या तेलात टोमॅटोसह मंद आचेवर शिजवलेली भेंडी, फरसबी वा वांगी हे त्याचे नमुने. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचे घोटलेले घट्ट वरणच; फक्त तुपाच्या जागी ऑलिव्हचे तेल आणि वर चिरलेला कच्चा कांदा. ‘होर्ता’ ही उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून खाण्याची. जोडीला टोमॅटो, काकडी, ऑलिव्ह आणि फेता चीज यांची कोशिंबीर असते. फेता मेंढीच्या दुधाचे. त्यात शेळीचे दूध फार तर 30 टक्के चालते. या नावावरील ग्रीसचा हक्क युरोपीय न्यायालयाने 2005 मध्ये कायम केला.

हे सारे लहान लहान बशांतून टेबलाच्या मध्यभागी येते आणि सर्वांनी मिळून संपवायचे असते. या बशांना ‘मेझे’ म्हणतात. चव या अर्थाचा हा फारसी शब्द तुर्कीमार्गे ग्रीसला गेला. मराठीत तोच ‘मजा’ होऊन नांदतो आहे. युनेस्कोने 2010 मध्ये भूमध्यसागरी आहाराला सांस्कृतिक वारशाचा मान दिला तो केवळ पाककृतींसाठी नव्हे. एकत्र बसून जेवण्याच्या या प्रथेचाही त्यात आवर्जून उल्लेख आहे.

अशाच आणखी एका शब्दाचा प्रवास बँकेशी संबंध असणाऱ्यांना विशेष रुचावा. नेहमीच्या गिऱ्हाइकांची उधारी टिपण्याच्या वहीला ग्रीक दुकानदार ‘तेफ्तेरी’ म्हणतो. प्राचीन ग्रीक भाषेतील कातडे या अर्थाचा शब्द पूर्वेकडे जाऊन ‘दफ्तर’ झाला आणि तुर्कांबरोबर ‘तेफ्तेरी’ बनून मायदेशी परतला. आपले दप्तर त्याच कुळातले.

2010 पासूनच्या आर्थिक अरिष्टात या वहीला पुन्हा दिवस आले. 2013 मध्ये बेकारी 27 टक्क्यांवर पोहोचली होती. उपाहारगृहांवरील मूल्यवर्धित कर 2011 मध्ये 13 वरून 23 टक्के झाला, 2013 मध्ये उतरला, 2015 मध्ये पुन्हा चढला. महिनाअखेरीस पैसे देणारा शेजारी गमावण्यापेक्षा वहीत एक ओळ वाढवणे मालकाला परवडत असे. अर्थात या विश्वासाला दुसरी बाजूही होती. वहीत असलेले सरकारच्या हिशेबात असेलच असे नव्हे. म्हणूनच पावती न मिळाल्यास ग्राहक पैसे देण्यास बांधील नाही, अशा सूचना 2013 पासून दुकानादुकानांत झळकल्या.

मग 29 जून 2015 रोजी बँकांचे दरवाजे बंद झाले, ते 20 जुलैला उघडले. यंत्रातून दिवसाला 60 युरो, यापलीकडे रोकड मिळेना. मात्र देशांतर्गत कार्डव्यवहारांवर मर्यादा नव्हती. खात्यात पैसे असूनही खिसा रिकामा, अशा गिऱ्हाइकाला कार्डयंत्र नसलेल्या ताव्हेर्नात जेवणे अवघड झाले आणि रोखीवर चाललेल्या पिढीजात मालकांनीही यंत्रे बसवून घेतली. निर्बंध पूर्णपणे उठले ते 1 सप्टेंबर 2019 रोजी. त्याच वर्षी जेवणावरील करही 13 टक्क्यांवर आला.

आताचे संकट निराळे आहे. अक्रोपोलिसच्या दक्षिणेच्या कुकाकी वस्तीत अनेक घरे पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने दिली जातात. भाडी चढली आणि जुने रहिवासी दूर गेले. 2023 च्या सुमारास दुष्काळाने ऑलिव्ह तेलाचे भावही कडाडले. नवा पाहुणा चार दिवस राहतो, कार्डाने पैसे देतो आणि निघून जातो. त्याच्याकडून पैसे जास्त मिळतात, हे मालकही नाकारणार नाही. तरी जेवणानंतर न मागता समोर ठेवली जाणारी कलिंगडाची वा हलव्याची बशी, म्हणजे ‘केरास्मा’, त्यालाही मिळते. तिचे पैसे आजही लावले जात नाहीत. पावाचे मात्र लागतात.